नावं ठेवा, मग नाव ठेवू

नमस्कार. मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत एका अनुस्वाराचंच अंतर आहे. बारशाला आत्या बाळाचं नाव ठेवते आणि लग्नाच्या पंगतीत पाहुणे स्वयंपाकाला नावं ठेवतात. आज ज्या सुरीबद्दल बोलणार आहे, तिला आधी दोन वर्षं लोकांनी नावं ठेवली आणि त्यानंतर तिचं नाव ठेवलं गेलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या खेपेला मी तो उलटा केला होता आणि तेव्हा काय बिघडलं तेही सांगणार आहे.

सुरी रोज जवळ बाळगायची म्हटलं की अनेकांना ती परदेशातून आलेली हौस वाटते. माझं आजोळ कुडाळजवळ. तिथे बागेत निघालेला माणूस कंबरेला दोरी बांधायचा, दोरीला मागच्या बाजूने लाकडी आकडी आणि आकडीत कोयती. दोन्ही हात मोकळे. माडावर चढताना, बांध ओलांडताना कोयती पाठीशी गप्प असायची. हात मागे गेला की न बघता मूठ सापडायची आणि काम झालं की न बघताच ती परत आकडीत जायची. आजोबा बोलता बोलता हे करायचे आणि त्यांचं वाक्य मध्ये तुटायचं नाही. मी आज जे काही बनवतो त्याचं मूळ त्या हालचालीत आहे. घडीच्या चाकूला ही हालचाल जमत नाही. तो आधी शोधावा लागतो, मग उघडावा लागतो, आणि पेरू कापला तर रस सांध्यात शिरतो. एकसंध पात्याची सुरी धुतली, पुसली की झालं.

पण मी राहतो शहरात, माझ्यापुढे माड नाही. म्हणून आराखड्याआधी महिनाभर वहीत लिहीत गेलो की आज काय कापलं. पार्सलची चिकटपट्टी, सुतळी, दुधाची पिशवी, पेरू, शिवणीतून लोंबणारा दोरा, आंब्याच्या पेटीवरची प्लॅस्टिकची पट्टी, पेन्सिल, पुठ्ठा, पुन्हा पुठ्ठा. महिन्याअखेरीस वही वाचली तेव्हा कळलं की यातल्या एकाही कामाला बोटाहून लांब पातं लागलं नव्हतं. तिथे पात्याची लांबी ठरली, 75 मिलिमीटर.

कायद्याचंही इथेच सांगतो, कारण प्रश्नोत्तरात हा प्रश्न हमखास येतो. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या-तलवारी शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे वस्तू कशासाठी घडवली, याला कायद्यातही वजन आहे. पण आपली सुरी लहान आहे म्हणून ती कुठेही न्यावी, असा याचा अर्थ होत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा सुरीही बाळगता येत नाही. विमानात हातसामानात ती चालत नाही. मोर्चा, मिरवणूक, मतदान असेल त्या दिवशी माझी सुरी घरी असते.

आता आकार. कामाच्या सुरीचं टोक कुठे असावं, यावर कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचे बॉब लव्हलेस यांनी फार विचार केला. 1929 साली जन्मलेला आणि 2010 साली गेलेला हा माणूस हाताने सुऱ्या घडवणाऱ्या जगभरच्या कारागिरांना गुरुस्थानी आहे. त्यांनी रूढ केलेल्या आकाराला ‘ड्रॉप पॉइंट’ म्हणतात. पात्याची पाठ टोकाकडे हलकेच उतरत येते आणि टोक पात्याच्या मध्यरेषेजवळ येऊन थांबतं. वर उचललेलं टोक डोळ्याला धारदार वाटतं, पण पेटी उघडताना आतल्या आंब्यात घुसतं. उतरतं टोक मुठीच्या सरळ रेषेत असल्यामुळे ते नेमकं कुठे आहे हे हाताला कळतं. मी हाच आकार घेतला. तो उसना घेतला हे सांगायला मला आनंद वाटतो.

पोलादावर थोडा थांबतो, कारण माझं मन तिथे रमतं. मी ईएन 31 वापरतो. ते बेअरिंगचं पोलाद, त्यात सुमारे 1 टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. आपले लोहार ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून कोयते करतात. त्या पोलादात कार्बन कमी आणि चिवटपणा जास्त, म्हणून लाकडावर घाव घालायला ते उत्तम. मला घाव घालायचा नव्हता, बारीक धार टिकवायची होती. पट्टी कानशीने आकारात आणली की खरी परीक्षा येते, पाणी देण्याची, म्हणजे तापवून झटकन थंड करून पोलाद कठीण करण्याची. शब्द ‘पाणी’ असला तरी हे पोलाद मी तेलात बुडवतो. पाण्यात ते इतक्या झपाट्याने थंड होतं की चिरण्याची भीती असते. तापवताना भट्टीवर उन्हाची तिरीप येऊ द्यायची नाही, कारण उजेडात तापल्या लोखंडाचा रंग खोटा दिसतो. साधारण 770 अंशांना पोलाद लोहचुंबकाला चिकटेनासं होतं. नवशिका तिथेच घाई करतो. अजून थोडं वर, 830 च्या आसपास जायचं, तिथे काही मिनिटं धीर धरायचा आणि मग कोमट तेलात सरळ उभं बुडवायचं. बाहेर येतं तेव्हा पातं काचेसारखं ठिसूळ असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे. म्हणून 200 अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. हा दुसरा संथ ताप त्याला समजूतदार करतो.

हे पोलाद गंजतं. लिंबू कापून तसंच ठेवलं तर अर्ध्या तासात डाग. वापरणाऱ्याला मी हे आधीच सांगतो: पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. वर्षभरात त्यावर करडा थर चढतो आणि त्या थरात तुम्ही काय काय कापलं ते उमटलेलं असतं. मला तो थर फार आवडतो.

आता नावाकडे येतो. पहिला नमुना तयार व्हायच्या आधीच मी नाव ठरवलं होतं, ‘वाघीण’. सात सुऱ्या त्या नावाने गेल्या. त्यातली एक घेणाऱ्या तरुणाने मला मोठ्या उत्साहाने फोटो पाठवला. सुरी मुठीत उलटी धरलेली, हात उगारलेला, डोळे वटारलेले. तो मुलगा सुस्वभावी होता. त्याने फक्त नावाचं ऐकलं होतं. महिनाभर वही लिहून मी पेरू आणि पुठ्ठ्यासाठी एक अवजार घडवलं आणि एका शब्दाने त्याचं हत्यार केलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी ते नाव काढून टाकलं आणि पुढची जवळजवळ दोन वर्षं सुरी बिननावाची राहिली.

त्या काळात मी नावांचाच अभ्यास केला. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्या गावाच्या नावाने ओळखल्या जातात. जिम बोवीचं नाव अमेरिकेत एका अख्ख्या सुरीजातीला चिकटलं, ते 1827 च्या एका रक्तरंजित मारामारीतून. फ्रान्सच्या साव्हॉय भागात 1890 साली जोसेफ ओपिनेल यांनी साधा घडीचा चाकू बनवला आणि पुढे त्याच्या आकारांना नुसते क्रमांक दिले. आठ नंबर म्हटलं की तिथल्या शेतकऱ्याला कळतं. आपल्याकडे बिचवा आला विंचवाच्या नांगीवरून. आणि भवानी, तुळजा, जगदंबा ही तलवारींची नावं. त्या नावांसमोर मी हात जोडतो आणि म्हणूनच ती चिकटपट्टी कापणाऱ्या पात्यावर घालणार नाही.

शब्दांच्या घरातही डोकावलो. सुरी आली क्षुरिकेवरून आणि खुरपं आलं क्षुरप्रावरून. म्हणजे स्वयंपाकघरातली सुरी आणि शेतातलं खुरपं चुलत भावंडं आहेत. आणखी एक गोष्ट, जी आपण बोलताना रोज करतो पण लक्षात येत नाही. कोयता-कोयती, सुरा-सुरी, विळा-विळी, हातोडा-हातोडी. मराठीत अवजार लहान झालं, हाताशी आलं की स्त्रीलिंगी होतं. माझ्या सुरीचं नावही स्त्रीलिंगी आणि लहान असायला हवं, एवढं तिथे नक्की झालं.

ते नाव मात्र मला सुचलं नाही. ते एका तक्रारीतून आलं. आमच्या मंडईबाहेर एक मावशी फुलं विकतात. दिवसभर दोरा तोडायचा, देठ छाटायचे, केळीची पानं फाडायची. इतकी सुरी चालवणारं माणूस मला दुसरं माहीत नव्हतं, म्हणून चौथा नमुना त्यांना दिला. त्यांनी दोन देठ छाटले, सुरी उलटीपालटी केली आणि विचारलं, “आन् करंगळी कुठं ठिवू?”

मी बघत राहिलो. मूठ 85 मिलिमीटरची होती. खिशात मावावी म्हणून मी ती आखूड केली होती. बाजारातल्या कितीतरी छोट्या सुऱ्या अशाच तीन बोटांच्या असतात. मावशींची करंगळी हवेत लोंबत होती. पण पकडीचा मोठा जोर अनामिका आणि करंगळी या शेवटच्या दोन बोटांतूनच येतो. हातोडा चालवणाऱ्याला विचारा. करंगळी सुटली की मूठ तळव्यात फिरते, मग अंगठा आणि तर्जनी जास्त दाबतात आणि तासाभरात मनगट दुखतं. माझ्या चारही नमुन्यांत हा दोष होता. मी मात्र पात्याच्या रेषेतच अडकलो होतो.

पाचव्या नमुन्याची मूठ 105 मिलिमीटरची केली. शिसवी लाकूड, मध्ये किंचित फुगीर, आणि शेवटी खालच्या बाजूला एक उथळ खोलगट जागा, फक्त करंगळीसाठी. मावशींना नेऊन दिली. त्या काही बोलल्या नाहीत, गजऱ्याचा दोरा तोडत राहिल्या. दुपारी त्यांनी शेजारच्या मुलीला हाक मारली, “अगं, ती करंगळीवाली दे इकडं.” तिथेच बारसं झालं. ‘वाली’ गळून पडलं, ‘करंगळी’ राहिलं.

या नावालाही नावं ठेवली गेली. माझ्या मावसबहिणीने सांगितलं की पात्याला बोटाचं नाव देऊ नये, ते अशुभ. मी त्यावर बराच विचार केला. पण लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत गोवर्धन उचलणारं बोट हेच आहे आणि सगळ्यांत दुबळं म्हणून आपण ज्याला सोडून देतो, त्याच्यासाठी या मुठीत जागा कोरली आहे. शिवाय वाघीण म्हटल्यावर ज्याने हात उगारला होता, त्यानेच ही नवी सुरी घेतली आणि मला फोटो पाठवला तो आईला फणस सोलून देतानाचा. हात तेलाने माखलेले.

म्यानाची कल्पना फिनलंडकडून घेतली. तिथल्या पुक्को सुरीला पारंपरिक म्यानात बटण नसतं. म्यान खोल असतं, मुठीचा बराचसा भाग आत जातो आणि चामड्याच्या पकडीनेच सुरी धरून ठेवली जाते. माझं म्यान वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याचं. ते ओलं करून सुरीवर दाबून बसवतो आणि तसंच वाळू देतो. मुठीचं शेवटचं टोक तेवढं बाहेर राहतं. ते कंबरेला मागे बसतं आणि हात मागे गेला की आधी करंगळीला तिची खोबण सापडते. आजोबांच्या आकडीपाशी मी असा फिरून आलो.

नाव पात्यावर कोरायचं का, असं विचारतात. मी कोरत नाही. तिथे फक्त वर्ष असतं. नाव मुठीच्या त्या खोबणीत आहे, हात झाकतो तिथे.

मी दोन नमुने आणले आहेत, चौथा आणि पाचवा. दोन्हींच्या धारा घालवून बोथट केल्या आहेत, निर्धास्त हातात घ्या. आधी चौथा धरा आणि करंगळीकडे बघा. नंतर पाचवा. त्या मुठीतही अजून काहीतरी राहिलंय असं मला वाटतं, विशेषतः डावखुऱ्यांसाठी. मागच्या रांगेपासून सुरुवात करूया. नावं ठेवा, मी वही उघडून बसलोय.