काळ्या पट्ट्यांखालची कारणं

(पडद्यावर: फायलीतली पानं एकेक करून उलटली जातात.)

ही पानं नीट पाहा. कुठे एखादी ओळ शिल्लक आहे, बाकी मजकूर काळ्या पट्ट्यांखाली. २०१९च्या अखेरीस नेदरलँड्समधल्या पालकांच्या हाती अशा फायली पडल्या. आपल्यावर फसवणुकीचा ठपका कशावरून आला, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मुलांना पाळणाघरात ठेवणाऱ्या पालकांना तिथलं सरकार अनुदान देतं. अर्जांच्या छाननीसाठी करखातं २०१३पासून एक संगणकीय मॉडेल वापरू लागलं. जुन्या प्रकरणांवरून ते आपलं आपण शिकायचं आणि अर्जाला धोक्याचे गुण द्यायचं. गुण जास्त आले की अर्ज कर्मचाऱ्याच्या टेबलावर.

म्हणजे मध्ये माणूस होताच की! होता. पण गुण जास्त का आले, हे त्याला कळत नव्हतं. मग तो तपासणार काय? आणि गुण ठरवताना एक रकाना असाही होता: अर्जदार डच नागरिक आहे की नाही. हा रकाना मशीनने नाही, माणसांनी ठेवला होता.

त्यात नियमांची अंमलबजावणी इतकी कठोर, की एखादी सही राहिली तरी वर्षभराचं अनुदान परत मागितलं जाई. हजारो युरोंची वसुली. कुणाचं घर गेलं, कुणाचा संसार मोडला. अशा कुटुंबांतल्या हजाराहून अधिक मुलांना आईवडिलांपासून दूर ठेवण्यात आलं.

डिसेंबर २०२०मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला आणि १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. त्याच वर्षाच्या शेवटी डेटा संरक्षण प्राधिकरणाने करखात्याला साडेसत्तावीस लाख युरोंचा दंड ठोठावला.

१ ऑगस्ट २०२४ रोजी युरोपीय संघाचा एआय कायदा अस्तित्वात आला. सरकारी मदतीची पात्रता ठरवणाऱ्या प्रणाली त्यात उच्च जोखमीच्या मानल्या आहेत. देखरेख करणाऱ्या माणसाला निकाल समजला पाहिजे, आणि पटला नाही तर बाजूला ठेवता आला पाहिजे, अशी अट आहे. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो, त्याला खुलासा मागण्याचा हक्कही आहे.

नेदरलँड्सने डिसेंबर २०२२मध्येच सरकारी अल्गोरिदमची नोंदवही लोकांसाठी खुली केली. ती हवीच होती. पण आमचं म्हणणं त्यापुढचं आहे: मॉडेल सुरू होण्याआधी, त्यात कोणते रकाने असावेत हे ठरवणाऱ्या बैठकीत, या पालकांपैकीही कुणीतरी बसलेलं असावं.