युक्रेनला गोळे दिले, मग अमेरिकेचं कोठार भरायचं कसं?

नमस्कार. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा अमेरिकेत १५५ मिलिमीटरचे तोफगोळे बनत होते महिन्याला साधारण १४ हजार. आघाडी तापली की एवढे गोळे काही दिवसांत उडतात. मग युक्रेनला लाखो गोळे दिले कुठून? सुरुवातीला मुख्यतः अमेरिकी लष्कराच्या स्वतःच्या साठ्यातून. राष्ट्राध्यक्षांच्या 'ड्रॉडाउन' अधिकारात कोठारातला माल लगेच रवाना करता येतो. त्या जागी नवा माल यायचा तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पैसे मंजूर करायचे, कंत्राट निघायचं आणि मग कारखान्यात काम सुरू व्हायचं.

आता गोळा कसा बनतो ते बघू. एम-७९५ या १५५ मिलिमीटरच्या गोळ्याचं वजन जवळपास ४७ किलो. त्यात स्फोटक ११ किलोच्या आतच, बाकी बहुतेक पोलाद. पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनच्या कारखान्यात पोलादाचे ठोकळे कापतात, भट्टीत १,००० अंश सेल्सियसच्या वर तापवतात आणि प्रेसखाली दाबून त्यांचं पोकळ नळकांडं करतात. पुढे लेथवर कातकाम, तोंड निमुळतं करणं, उष्णता प्रक्रिया. बुडाजवळ तांब्याच्या मिश्रधातूची पट्टी बसते. तोफेच्या नळीतल्या आट्यांत ती रुतते, म्हणून गोळा गरगर फिरत सरळ जातो. पट्टीत दोष राहिला तर नेम गेलाच.

मग हे रिकामे गोळे आयोवातल्या दारूगोळा कारखान्यात जातात. तिथे त्यांत वितळलेलं स्फोटक ओततात, आणि इथे घाई अजिबात चालत नाही. भराव नीट थंड झाला नाही तर आकसताना आत पोकळी किंवा भेग राहते. तोफ उडते त्या क्षणी गोळ्यावर गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट जोर येतो, पोकळीतली हवा एकदम दाबली जाऊन तापते आणि गोळा नळीतच फुटू शकतो. शेजारी उभे असलेले सगळे तोफची त्यात जातील. म्हणून भरलेले गोळे एक्स-रेखाली तपासावेच लागतात.

एवढं करूनही गोळा डागता येत नाही! फ्यूज (गोळा फोडणारी कळ), प्रोपेलंट (गोळा तोफेतून ढकलणारी दारू) आणि प्राइमर (ती दारू पेटवणारा भाग) वेगळे येतात. समजा, १० हजार गोळे तयार आहेत, पण प्रोपेलंट ६ हजारांपुरतंच आहे. मग सेनापतीच्या हातात ६ हजारच आहेत. बातम्यांत गोळ्यांचा आकडा आला की बाकीच्या तीन गोष्टींचा आकडा शोधा.

अमेरिकी लष्कराने २०२५ अखेरपर्यंत महिन्याला एक लाखाचं लक्ष्य ठेवलं. २०२५ मध्ये उत्पादन ४० हजारांच्या आसपास होतं. नवे प्रेस पैसे टाकून आणता येतात, पण स्फोटकाचं काय? गोळ्यात भरायचं टीएनटी हे स्फोटक स्वतः बनवणं अमेरिकेने १९८६ मध्येच थांबवलं होतं. पुढे ते पोलंडसारख्या देशांतून यायचं. शांततेच्या काळात छोटी का होईना, ऑर्डर चालू ठेवून टीएनटीचा देशी कारखाना जगवायला हवा होता, असं आमचं स्पष्ट मत आहे. केंटकीतल्या ग्रॅहममध्ये टीएनटीचा नवा कारखाना उभारण्यासाठी ४३.५ कोटी डॉलरचं कंत्राट निघालं नोव्हेंबर २०२४ मध्ये. तोवर युद्धाला पावणेतीन वर्षं होत आली होती.