घोरणं थांबतं तेव्हा

रात्रीचे दोन. येळ्ळूर. मागं राजहंसगडाचा काळा उंचवटा, आणि काकांचं घोरणं पार ओसरीपर्यंत.

आता ऐका. थांबलं.

छाती उडतेय, पोट उडतंय, पण नाकातून वारं नाही. उशाशी काकू बसल्यात. ओठ हलतायत. बाविसाला काका दचकतात, घशातून हुंदका निघतो, श्वास परत चालू.

"पैला भ्या वाटायचं. आता मोजत बसतो." (हो, आमच्याकडं बायकासुद्धा 'बसतो'च म्हणतात.)

काकांची फाईल जाड आहे. बीपी, साखर, किडनीचा हाल सांगणारं क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, सगळं त्यात आहे. ते झोपतात कसे, हे काकूंना कुणी विचारलेलं नाही.

आज तपासणी. छातीला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. काका वैतागलेत, "म्हशीला दावं बांधल्यागत झालंय." श्वास 10 सेकंद किंवा जास्त अडला की एक खूण. तासाला पाचाच्या आत असल्या तर ठीक, 30 च्या वर गेल्या तर आजार तीव्र. डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतात, गाव गाढ झोप.

चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा बघा. 94. 88. 81. प्राणवायू उतरला की शरीर घाबरतं आणि रक्तदाब चढतो, तोही रात्री, जेव्हा तो खाली यायला हवा. तो दाब किडनीतल्या बारीक चाळण्यांवर येतो. एका किडनीत त्या सुमारे 10 लाख.

काका उठले. लघवीला, आज तिसऱ्यांदा. संशय साखरेवर होता, मग प्रोस्टेटवर. पण घसा मिटलेला असताना छाती आत ओढ घेते, हृदयाचा वरचा कप्पा ताणतो. हृदयाची समजूत होते की अंगात पाणी जास्त झालंय. ते तसा निरोप सोडतं आणि किडनी लघवी वाढवते.

बेळगाव. डायलिसिसला आलेले खानापूरकडचे आजोबा. घोट्यावर अंगठा दाबला, उचलला. खड्डा तसाच. दिवसभर पायात साठलेलं हे पाणी आडवं झालं की मानेकडं सरकतं आणि घसा आणखी अरुंद होतो. म्हणजे किडनीचं दुखणंही झोपेला धरतं.

उपाय हा मास्क, सीपॅप. सिडनीतल्या डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी तो केला, व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीवर, आणि 1981 साली जगापुढं मांडला. वाऱ्याच्या दाबानं घसा उघडा राहतो. बीपी थोडं उतरतं. किडनी वाचते, हे मात्र अजून ठाम सिद्ध नाही.

येळ्ळूर, मास्कची पहिली रात्र. काका गप झोपलेत, काकू टक्क जाग्या.

पहाटे चारला वीज गेली. मशीन बंद. काकांनी झोपेतच मास्क ओढून काढला. अंधारात घोरणं सुरू झालं, वाढलं, थांबलं.

"एक. दोन. तीन."