बीपीची गोळी आणि व्हिटॅमिनची बाटली

(दृश्य: गोळ्यांच्या स्ट्रिपची मागची बाजू, अगदी जवळून)

बीपीची गोळी चालू असताना व्हिटॅमिन घेतलं तर चालेल का, हे व्हिटॅमिनच्या बाटलीवरून कळत नाही. आधी ही स्ट्रिप उलटी करा. ठळक छापलेलं ब्रँडचं नाव सोडा, त्याखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा.

रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असेल, तर जपायचं ते पोटॅशियमला. जादा पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकायला किडनीला आल्डोस्टेरॉन हे संप्रेरक लागतं, आणि ही औषधं नेमकं तेच कमी करतात. स्पायरोनोलॅक्टोन हे बीपीचं आणखी एक औषध तर त्याचं काम थेट अडवतं. अशात वरून पोटॅशियम घेतलं की रक्तातली पातळी चढते. 3.5 ते 5 (मिलिमोल प्रति लिटर) पर्यंत ठीक. 6 च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि तोवर बऱ्याचदा काहीच जाणवत नाही.

मल्टिव्हिटॅमिनमधल्या थोड्याशा पोटॅशियमचा, किडनी धडधाकट असेल तर, बाऊ करू नये. मोठी भर पडते ती मुतखड्यासाठी दिलेल्या पोटॅशियम सायट्रेटमुळे, नाहीतर ‘लो सोडियम’ मिठामुळे. या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपी आहे म्हणून घरात आणलेलं मीठ, आणि बीपीच्याच गोळीशी त्याचं वाकडं!

(दृश्य: दुसरी स्ट्रिप)

इथे लिहिलंय हायड्रोक्लोरोथायाझाइड. क्लोरथॅलिडोनही त्यातलंच. या गोळ्यांनी लघवी वाढते, पण लघवीतून जाणारं कॅल्शियम घटतं. व्हिटॅमिन डी आतड्यातून जास्त कॅल्शियम आत घेतं. म्हणजे आवक वाढली आणि जावक रोखली. बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, गोंधळल्यासारखं होणं, अशी लक्षणं दिसली तर रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या. डी ची 60,000 युनिटची गोळी सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात तिला जागा देऊ नका.

काही जोड्यांत भांडण फक्त वेळेचं असतं. गरोदरपणात बीपीसाठी मिथाइलडोपा आणि जोडीला लोहाची गोळी, हे नेहमीचंच. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह औषधाला आतड्यातच बांधून ठेवतं, औषध रक्तात पुरेसं पोचत नाही आणि बीपी चढतं. मग डोस वाढवायची वेळ येते, खरं तर गोळ्यांच्या वेळा बदलायला हव्या होत्या. निदान दोन तासांचं अंतर ठेवा. ॲटेनोलॉल ही बीपीची गोळी आणि कॅल्शियम यांचंही तसंच.

(दृश्य: ग्लासात फसफसणारी व्हिटॅमिन सी ची गोळी)

हा फेस बहुधा सोडियम बायकार्बोनेटचा. अशा एका गोळीतून काहीशे मिलिग्रॅम सोडियम पोटात जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात सोडियम 2,000 मिलिग्रॅमच्या आत हवं. व्हिटॅमिन सी साधी गिळायची गोळी म्हणूनही मिळतं. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर ज्येष्ठमध दिसलं, तर तो डबा खाली ठेवा. त्यानं सोडियम शरीरात साठतं, पोटॅशियम घटतं आणि बीपी वाढतं.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या बाटल्या आणि स्ट्रिपा सोबत न्या, मिठाचं पाकीटसुद्धा. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ नव्यानं सुरू झालं किंवा त्याचा डोस वाढला, तर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) तपासायचं असतं. शंका आली तर सप्लिमेंट थांबवा, बीपीची गोळी मनानं बंद करू नका. हातापायांतलं बळ गेलं, ठोके चुकल्यासारखे वाटले किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर थेट रुग्णालय गाठा. तिथे ईसीजी लगेच काढता येतो.