इस्तंबूलची खानावळ: एस्नाफ लोकांतामध्ये जेवायचे कसे?

नमस्कार. इस्तंबूलला जाऊन आलेल्या माणसाला तिथे काय खाल्ले असे विचारले, तर कबाब, डोनर आणि बकलावा ही नावे हमखास ऐकायला मिळतात. गटाने सहलीला गेलेली पुण्या-मुंबईची मंडळी तर अनेकदा रात्रीच्या भारतीय जेवणाचीच आठवण सांगतात. तुर्की माणूस दुपारी कामातून उठून जे जेवतो, ते या सगळ्यात राहूनच जाते आणि त्याची मला मनापासून हळहळ वाटते. हे जेवण जिथे मिळते त्या जागेला ‘एस्नाफ लोकांतासी’ म्हणतात. तिथे केव्हा जायचे, काय मागायचे आणि शाकाहारी माणसाने कुठे सावध राहायचे, ते आज पाहू.

‘एस्नाफ’ म्हणजे दुकानदार आणि कारागीर. ‘लोकांता’ हा शब्द इटालियन भाषेतल्या ‘लोकांदा’वरून तुर्कीत आला आणि त्याचा मूळ अर्थ मुक्कामाची सराई असा आहे. बाजारात दिवसभर काम करणाऱ्या माणसाला दुपारी घरी जाणे शक्य नसते. त्याला घरच्या चवीचे, पातेल्यात शिजवलेले जेवण परवडेल अशा दरात मिळावे, एवढ्यासाठी या जागा चालतात. आपल्याकडचा ‘खानावळ’ हा शब्द इथे चांगला बसतो, फक्त महिन्याचा डबा किंवा ताट लावण्याची पद्धत तिथे नाही. उस्कुदारमधील कनाअत लोकांता 1933 सालची आहे, तर बेयोलूमधील हाजी अब्दुल्ला आपला इतिहास 1888 पर्यंत मागे नेते. त्या दोन्ही आता नावाजलेल्या जागा आहेत, परंतु कोणत्याही बाजारपेठेच्या गल्लीत अशीच एखादी साधी लोकांता सापडते.

वेळ मात्र पाळावी लागते. सकाळी शिजवलेले पदार्थ दुपारी बाराच्या सुमारास सर्वांत चांगले असतात. तीन वाजेपर्यंत त्यांतील निवडक पदार्थ संपलेले असतात, आणि अनेक लोकांता संध्याकाळी बंदच होतात. कापालीचार्शी हा झाकलेला मोठा बाजार रविवारी बंद असतो, म्हणून त्याच्या आसपासच्या लोकांतांसाठीही रविवार सोडून दुसरा दिवस निवडावा.

[पडद्यावर: काचेआड मांडलेली पदार्थांची भांडी]

आत गेल्यावर मेनूकार्डाची वाट पाहत बसू नये. समोर काचेआड गरम पाण्यावर ठेवलेली पसरट भांडी दिसतात आणि त्यामागे डाव घेऊन उभा असलेला माणूस दिसतो. त्याला ‘उस्ता’ म्हणतात, जो आपल्या ‘उस्ताद’ आणि ‘वस्ताद’ यांचाच भाऊबंद शब्द आहे. भांडी नीट पाहावीत, हव्या त्या पदार्थाकडे बोट दाखवावे, एवढे पुरते. भाषा येत नाही म्हणून संकोचण्याचे काहीच कारण नाही. तरीही एक शब्द पाठ करून जावा, तो म्हणजे ‘आझ’. आझ म्हणजे थोडे. ‘आझ’ म्हटले की तो पदार्थ कमी प्रमाणात मिळतो आणि त्याचे पैसेही कमी लागतात, त्यामुळे एकाच जेवणात तीन-चार पदार्थ चाखता येतात. याउलट भूक मोठी असेल तर ‘बिर बुचुक’ म्हणजे दीडपट मागतात.

सुरुवात सूपाने करतात, ज्याला ‘चोर्बा’ म्हणतात. शोरबा हा शब्द आपल्याला ओळखीचाच आहे. मसुराच्या डाळीचे ‘मेर्जिमेक चोर्बासी’ सगळीकडे असते आणि त्यावर लिंबू पिळून घेतात. माझी पसंती ‘एझोगेलिन’ला आहे, ज्यात मसुराच्या डाळीबरोबर दलिया, तांदूळ आणि वाळलेला पुदिना असतो. ‘गेलिन’ म्हणजे नववधू किंवा सून, आणि गाझिआंतेप भागातल्या एझो नावाच्या सुनेवरून हे नाव पडले आहे.

आता मुख्य पदार्थाकडे येऊ. लोकांता चांगली की सामान्य, हे मी तिथल्या ‘कुरू फासुल्ये’वरून ठरवतो. कुरू म्हणजे वाळलेले आणि फासुल्ये म्हणजे घेवड्याचे पांढरे दाणे. आपला राजमा, साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा आणि हे तुर्की दाणे, ही सारी एकाच वनस्पतीची रूपे आहेत आणि तिचे मूळ अमेरिका खंडात आहे. दाणे रात्रभर भिजवतात, मग कांदा, लोणी किंवा तेल आणि ‘साल्चा’ म्हणजे टोमॅटोचा किंवा लाल मिरचीचा आटवलेला गर घालून मंद आचेवर बराच वेळ शिजवतात. यात आले नाही, गरम मसाला नाही, फोडणीही नाही. त्यामुळे पहिल्या घासाला हे जेवण मराठी जिभेला सपक वाटू शकते, पण दोन-चार घास शांतपणे खाल्ले की दाण्याची स्वतःची गोडी आणि साल्चाचा आंबटपणा वेगवेगळे कळू लागतात. दाणा चांगला शिजला असेल तर साल फुटलेली नसते आणि आतला गर मात्र लोण्यासारखा असतो, रस दाट असतो आणि तो दाण्यापासून सुटून पाण्यासारखा पसरत नाही. सोबत लोण्यात परतलेल्या तांदळाचा ‘पिलाव’, कच्चा कांदा आणि लोणचे घेतात. या लोणच्याला ‘तुर्शू’ म्हणतात आणि ते तेला-मसाल्याचे नसून मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या भाज्यांचे असते. पिलावावरच दाणे हवे असतील तर ‘पिलाव उस्तू कुरू’ म्हणावे. या एका पदार्थासाठी मुद्दाम जायचे असेल, तर मिमार सिनान या ऑटोमन वास्तुविशारदाने 1550 ते 1557 या काळात उभारलेल्या सुलेमानिये मशिदीसमोर कुरू फासुल्येच्या दुकानांची एक रांगच आहे.

कुरू फासुल्येनंतर दुसरा मान वांग्याचा. तुर्कीत वांग्याला ‘पात्लिजान’ म्हणतात. संस्कृतातील ‘वातिंगण’ फारसी आणि अरबीतून प्रवास करत तिथे पोहोचला आणि आपल्याकडे ‘वांगे’ झाला, त्यामुळे हे दोन शब्द एकाच घरचे आहेत. ‘कार्नीयारीक’ म्हणजे पोट चिरलेले. यात वांग्यात खिमा भरलेला असतो. ‘इमाम बायिल्दी’ म्हणजे इमामाला भोवळ आली. यात कांदा, लसूण आणि टोमॅटो भरून ते ऑलिव्ह तेलात शिजवलेले असते. दोन्ही पदार्थ काचेआड जवळजवळ सारखेच दिसतात, म्हणून शाकाहारी माणसाने बोट दाखवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगतो, कारण यात फसगत सहज होते. कुरू फासुल्येत मांसाचे तुकडे असू शकतात, आणि तुकडे दिसले नाहीत तरी दाणे किंवा पिलाव मांसाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. तेव्हा ‘एत येमियोरुम’, म्हणजे मी मांस खात नाही, असे सांगून पुढे ‘एत सुयू वार मी?’, म्हणजे मांसाचे पाणी आहे का, असेही विचारावे. सर्वांत भरवशाचा विभाग ‘झेयतिनयाली’ पदार्थांचा आहे. फरसबी, आर्टिचोक, कांद्याच्या पातीच्या जातीचा लीक अशा भाज्या ऑलिव्ह तेलात शिजवून, निववून, गार किंवा कोमट वाढतात. भाजी गार का, असे वाटून ती परत पाठवू नये. ती तशीच खायची असते.

पेयांत ‘आयरान’ घ्यावे. ते दही, पाणी आणि मीठ यांचेच असते, आपल्या ताकापेक्षा दाट, जिरे-कोथिंबीर नसलेले. पाव टेबलावर असतोच आणि बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

गोडात मी ‘फिरिन सुतलाच’ सुचवीन. ही भट्टीत वरून करपवलेली, घट्ट तांदळाची खीर आहे. ‘तावुक गोसू’ या दुधाच्या गोड पदार्थात मात्र कोंबडीच्या छातीच्या मांसाचे बारीक तंतू खरोखरच असतात, आणि ‘काझानदिबी’ हा त्याचा तळाशी करपवलेला प्रकार पारंपरिक पद्धतीने केला असेल तर त्यातही ते असतात. हे पदार्थ दिसायला निव्वळ दुधाचे असल्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

जेवण झाल्यावर लहान काचेच्या पेल्यात बिनदुधाचा चहा येतो, आणि तो कित्येकदा मालकाकडून असतो. बिलाला ‘हेसाप’ म्हणतात, म्हणजे आपला हिशेब. पैसे बहुधा दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचे असतात. निघताना उस्ताकडे पाहून ‘एलिनीझे सालिक’ म्हणावे, ज्याचा अर्थ तुमच्या हातांना आरोग्य लाभो असा होतो. तो ‘आफियेत ओल्सुन’ म्हणून उत्तर देतो, म्हणजे खाल्लेले अंगी लागो. गल्ल्यावर लिंबाच्या वासाच्या कोलोन्याची, म्हणजे हातावर घ्यायच्या सुगंधी द्रवाची, बाटली घेऊन कोणी पुढे आले, तर दोन्ही तळवे पुढे करावेत.