गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापला आहे 'गायक-नट : एक की दोन?' त्यावर मी बोलणार आहेच. पण अकोल्यात उभं राहून गायक-नट वसंतराव देशपांड्यांचं नाव घ्यायचं आणि मूर्तिजापूर वगळायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. २ मे १९२० चा त्यांचा जन्म, आपल्या या मूर्तिजापुरातला. तिथून शकुंतला रेल्वे निघायची, एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी त्या गाडीतून प्रवास केलाय, हे तुमच्या हसण्यावरूनच कळतंय. वसंतरावांच्या आयुष्यालाही असेच फाटे होते. एक गाण्याचा, एक नाटक-सिनेमाचा आणि एक कचेरीचा. त्यातला कचेरीचा फाटा फार लांबला.

त्यांचं चरित्र तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे भरभर सांगतो. आईनं नागपुरात वाढवलं, शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकायला घातलं. भालजी पेंढारकरांनी १९३५ च्या 'कालियामर्दन'मध्ये कृष्णाचं काम दिलं. म्हणजे पाहा, मैफलीतला गवई म्हणून नाव होण्याच्या कितीतरी आधी हा मुलगा तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभा होता. पुढे लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे तालीम. तिथे त्यांना महिनोन् महिने एकच राग दिला गेला, मारवा. ज्यांनी वसंतरावांचा मारवा ऐकलाय, त्यांना त्या महिन्यांचा हिशेब विचारावा लागत नाही. आणि हिशेबाचंच म्हणाल, तर परत आल्यावर पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत चोवीस वर्षं नोकरी. मध्ये नेफात बदली. तिकडे ईशान्येच्या डोंगरांत हा माणूस फायली बघत होता आणि इकडे महाराष्ट्र विचारत होता, हल्ली वसंतराव ऐकू येत नाहीत ते?

आता माझं जुनं दुखणं. ज्यांनी ते आधी ऐकलंय त्यांनी पुन्हा ऐकावं.

आमच्या घरी 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकातल्या पदांची कॅसेट होती, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव. वडील रोज संध्याकाळी लावायचे. 'तेजोनिधी लोहगोल', 'सुरत पिया की', 'घेई छंद'. मला सगळी पदं पाठ होती, हरकतींसकट. पण दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत मला हे माहीतच नव्हतं, की या पदांच्या मध्ये कुणी बोलतं! एक दिवस मी वडिलांना विचारलं, "बाबा, हे खाँसाहेब सूर्यावर इतके का चिडलेत?" वडिलांनी कॅसेट बंद केली आणि अख्खं नाटक मला तोंडी सांगितलं. विश्रामपूरचा दरबार. पंडित भानुशंकरांपुढे वर्षानुवर्षं हरणारे खाँसाहेब आफताब हुसेन. ऐन वेळी पंडितजींचा सूर उमटतच नाही आणि दरबारी गायकाचा मान, हवेली आणि कट्यार खाँसाहेबांकडे येते. ती कट्यार ज्याच्याकडे, त्याला एक खून माफ. आणि त्याच हवेलीत पंडितजींचा शिष्य सदाशिव चोरून गाणं शिकायला येतो. जेवण राहिलं, आईनं दोनदा हाका मारल्या. त्या रात्री मला कळलं, की माझ्याकडे त्या नाटकाचं निम्मंच अंग होतं.

तुमच्याकडेही निम्मंच आहे! आपण सगळ्यांनी पदं जपली आणि गद्य हरवू दिलं. पुढे मी एका स्पर्धेत संगीत नाटक बसवलं. माझ्याकडे एक गुणी गायक मुलगा होता. तालमीत त्याच्या संवादांवर मी महिनाभर खपलो. प्रयोगानंतर एक परीक्षक त्याला जवळ बोलावून म्हणाले, "पदं सांभाळ रे, गद्याकडे कोण बघतं?" त्या मुलानं नंतर नाटकात काम केलं नाही. मैफलीत गातो, चांगला गातो. पण त्याच्यातला नट तिथेच, त्या विंगेत राहिला. वीस वर्षं झाली, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तुमच्या मुला-नातवंडांत कुणी गाणारं असेल, तर त्याला हे वाक्य कुणी ऐकवू नका, एवढं हात जोडून सांगतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

तर मूळ मुद्दा. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, म्हणजे तेही नागपूरचेच. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, संस्था 'नाट्यसंपदा'. पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७. वसंतराव तेव्हा ४७ वर्षांचे. नोकरी सुटून थोडाच काळ झालेला. मान उशिरा मिळालेल्या गवयाची भूमिका त्या वयात त्यांच्याकडे आली. खाँसाहेबांची उर्दूमिश्रित बोली त्यांना घोकावी लागली नसणार, लाहोर त्यांच्या कानात होतं. आणि गळ्यात मास्टर दीनानाथांचा आक्रमक, झेपावणारा पीळ होताच. दीनानाथही गायक-नटच.

माझं म्हणणं असं, की 'कट्यार'मध्ये वसंतराव 'गातात आणि अभिनयही करतात' हे म्हणणंच चूक आहे. तिथे वसंतराव गातच नाहीत, खाँसाहेब गातात. 'तेजोनिधी'तला ललत पंचम राग मैफलीतल्यासारखा निवांत उलगडत नाही. हरत आलेला माणूस सूर्योदयाला जणू हुकूम सोडतो. ती तान हाच संवाद आहे. म्हणून पद संपल्यावर येणारं वाक्य त्याच गळ्यातून, त्याच श्वासातून यायला हवं.

याचं उलट उदाहरण 'कट्यार'वरचा २०१५ चा चित्रपट. खाँसाहेबांचं काम सचिन पिळगावकरांनी केलं, गायले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. दोघांनीही मन ओतलं, मला दोघांविषयी आदर आहे. १९७९ च्या 'अष्टविनायक'मध्ये वसंतराव होते आणि सचिन नायक होते, हा योगही मला फार गोड वाटतो. 'दाटून कंठ येतो' म्हणणारा तो बाप आठवा. तिथे कंठ आणि चेहरा एकाच माणसाचा आहे, म्हणून तुमचाही कंठ दाटतो. पार्श्वगायनात ही जोडणी तंत्राला करावी लागते. राहुलनी २०१० मध्ये नाटक पुन्हा रंगभूमीवर आणलं, तेव्हा ते स्वतः गात होते आणि स्वतःच बोलतही होते. माझ्या लेखी तोच खरा वारसा. संगीत नाटक शिकवणाऱ्यांनी गाण्याच्या तालमीतच गद्य घ्यावं, ऑर्गन चालू ठेवून. याच्यावर मला अर्धा तास हवा होता, तो मी कॅसेटवर घालवला.

दोन मिनिटं? मग बोलणं थांबवतो. 'घेई छंद मकरंद' या नाटकात दोन प्रकारे येतं. एक प्रसाद सावकारांनी गायलेलं, संथ, पंडितजींच्या घराण्याचं. एक वसंतरावांचं. शब्द तेच. पदातला भुंगाही तोच. पण दुसऱ्यात तो भुंगा कुणाचा शिष्य आहे, ते पहिल्या आवर्तनात कळतं. दोन्ही आणली आहेत. आधी सावकारांचं लावा, मग लगेच वसंतरावांचं. मध्ये टाळ्या नकोत. आणि तो पंखा जरा बंद करता का?