आधी इंजिन, रंग शेवटी

येझदी या जुन्या मोटारसायकलला किक आणि गिअर वेगळे नसतात. डाव्या बाजूला एकच लीव्हर. तो आत दाबून वर उभा केला की किक, आणि गाडी सुरू झाल्यावर खाली आणला की तोच गिअर. ज्यानं ही गाडी कधी चालवलेली नाही, तो हमखास उजव्या बाजूला किक शोधतो.

कोल्हापूरजवळच्या एका गावातली ही येझदी २५०. मामांनी हिच्यावर वर्षानुवर्षं दुधाचे कॅन वाहिले. पुढे टेम्पो आला आणि गाडी गोठ्याच्या कडेला कडब्याआड उभी राहिली. आता ती भाच्याकडे आहे. तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी खोलतो.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेक बनावटीच्या जावा गाड्या तयार होऊ लागल्या. सत्तरच्या दशकात त्याच घराण्याची गाडी येझदी नावानं रस्त्यावर आली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तरीही या गाड्या गावोगावी टिकल्या. त्याचं मोठं कारण मला त्यांच्या साधेपणात दिसतं. सिलिंडर एक, व्हॉल्व्ह नाहीत, आणि बहुतेक काम चार पाने आणि घट्ट बसलेले भाग ओढून काढणाऱ्या एका पुलरवर होतं.

बंद पडलेली गाडी हाती आली की सगळ्यांना पहिली घाई किक मारायची असते. ती करू नये. सिलिंडरच्या आत गंज धरला असेल, तर पहिल्याच किकेत पिस्टनवरच्या रिंगा मोडतात. या मुलानं प्लग काढला, त्या भोकातून थोडं ऑइल सोडलं आणि इंजिन दोन दिवस तसंच ठेवलं. मग हातानं हळूहळू फिरवलं. इंजिन मोकळं आहे, एवढं कळलं.

त्यानंतर करंट. ही गाडी सहा व्होल्टची. बॅटरीतून कॉइलला करंट मिळतो, म्हणजे बॅटरी मेलेली असेल तर किक मारून फक्त पाय दुखतो. उजवीकडचं कव्हर काढलं की डायनामो दिसतो आणि तिथेच पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा स्विच. पॉइंटची दोन तोंडं काळी पडलेली होती. बारीक पॉलिश पेपरची पट्टी त्यांच्यामधून ओढली, पेट्रोलच्या फडक्यानं पुसलं. मग फट मोजायच्या फिलर गेजचं ०.४ मिलिमीटरचं पान. पॉइंट पूर्ण उघडे असताना हे पान मधून सरकलं पाहिजे, पण सहज नाही. बोटांना किंचित ओढ जाणवली पाहिजे. ती ओढ कशी असते, हे कुणी सांगून कळत नाही. त्यानं स्क्रू सैल केला, प्लेट केसभर हलवली, स्क्रू आवळला. आवळताना प्लेट पुन्हा सरकली. परत पहिल्यापासून. शेवटी प्लग हेडला टेकवून किक मारली, तेव्हा निळी ठिणगी पडली.

कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल वाळून चिकट थर झाला होता. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटच्या भोकात तो पोलादी तार घालत नाही. भोक रतीभर जरी मोठं झालं, तरी पेट्रोलचं प्रमाण कायमचं बिघडतं. तो रॉकेलमध्ये भिजवून हवा मारतो, आणि फारच अडलं तर वायरमधला तांब्याचा एक मऊ धागा घेतो.

गाडी सुरू झाली खरी, पण ताकद नव्हती. सिलिंडर उतरवला, तर बोर, म्हणजे ज्यात पिस्टन फिरतो ते आतलं भोक, झिजलेला.

इथे कोल्हापूरचा मुलगा असण्याचा फायदा आहे. शिवाजी उद्यमनगर. उसाच्या मळ्यांना पाणी उपसायला लागणाऱ्या ऑइल इंजिनांवर हा भाग वाढला, आणि लेथ, फाउंड्री, बोरिंगची कामं इथल्या गल्ल्यागल्ल्यांत रुजली. येझदीचा मूळ बोर ६५ मिलिमीटरचा. झीज जाईपर्यंत तो वाढवायचा आणि त्या मापाचा ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून किंचित मोठा, पिस्टन बसवायचा. पिस्टन आधी आणायचा, त्याचं माप घ्यायचं, मग बोर करायचा. जाणते मेस्त्री पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर मशीनवर चढवतच नाहीत.

येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक, आणि त्यात आणखी एक मेख आहे. सिलिंडरच्या भिंतीतच पोर्ट, म्हणजे मिश्रण आत यायची आणि धूर बाहेर जायची भोकं, असतात आणि रिंगा त्यांच्यावरून घासत जातात. बोर केल्यावर पोर्टच्या कडा धारदार होतात. त्या मारल्या, म्हणजे घासून बोथट केल्या, नाहीत, तर रिंग कडेत अडकून तुटते. मुलाला हे माहीत होतं. त्यानं बोर करणाऱ्या मेस्त्रींना विचारलं,

"मामा, पोर्टच्या कडा मारल्या का हो?"

"बोट फिरवून बघ की."

त्यानं आत बोट घालून एकेक पोर्ट चाचपला. एका कोपऱ्यावर थांबला. मेस्त्रींनी काही न बोलता सिलिंडर परत घेतला आणि तेवढी कड बारीक कानशीनं मोडून दिली. मला या दोघांबद्दल सारखाच आदर वाटला. एकानं विचारलं, दुसऱ्याला त्याचा राग आला नाही.

क्रँकचे ऑइल सील त्याच फेरीत बदलले. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो तो डबा, हवाबंद असावीच लागते. सीलमधून हवा शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि नवा पिस्टनही जाम होतो. सील स्वस्त असतात. बोरिंगवर पैसे घालून सील जुनेच ठेवणं मला पटत नाही.

या गाडीत ऑइलची वेगळी टाकी नाही. पेट्रोलमध्येच लिटरला ४० मिलिलिटर ऑइल मिसळायचं, आणि नवा पिस्टन रुळेपर्यंत ५०. म्हणून घाटात एक पथ्य पाळावं लागतं. आंबा घाट उतरताना गिअरमध्ये थ्रॉटल बंद ठेवून गाडी सोडली, तर इंजिन जोरात फिरतं, पण पेट्रोल जवळजवळ जात नाही. पेट्रोल नाही म्हणजे ऑइलही नाही. जुने येझदीवाले उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस देतात. मामांनी भाच्याला गाडी देताना हे आधी सांगितलं, कागद नंतर दिले.

रंगाचं अजून ठरलेलं नाही. टाकीवर ज्या जागी मामांचे गुडघे टेकायचे, तिथला रंग उडालाय आणि मागच्या मडगार्डवर कॅनच्या कड्यांचे ओरखडे आहेत. मित्र म्हणतात, सगळं घासून काळा रंग मार, क्रोम कर. माझं मत विचाराल तर गंज थांबवावा, पत्र्याला खालून प्रायमर द्यावा आणि हे ओरखडे राहू द्यावेत. नवा रंग केव्हाही मारता येतो.

एका ठिकाणी मात्र रंगाऱ्याला हात लावू द्यायचा नाही, तो म्हणजे चेसिस नंबर. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं, आणि त्यासाठी आरटीओत गाडी दाखवावी लागते. नंबर रंगाऱ्याच्या लांबीखाली (पुट्टीखाली) गेला आणि आरसी बुकाशी जुळवता आला नाही, तर चांगली चालणारी गाडीही परत पाठवतात. त्यानं तारेच्या ब्रशनं नाही, रॉकेलच्या फडक्यानं तो नंबर साफ केला आणि वर ग्रीसचा हात दिला.

आता वायरिंग बाकी आहे. हेडलाइटला सहा व्होल्टचा बल्ब हवा, तो तालुक्याच्या दुकानात मिळाला नाही. रविवारी तो उद्यमनगरात पुन्हा जाणार आहे, हॉर्नही त्याच फेरीत बघायचाय.